घरफोडीचा नकाशा वाचण्याआधी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याचे वर्तमानपत्र उघडले की आतल्या पानावर घरफोडीची एखादी बातमी सापडतेच. कुटुंब लग्नाला किंवा देवदर्शनाला गेलेले असते. बंद घराचा कडी-कोयंडा उचकटलेला असतो, कपाटाचे लॉकर तोडून दागिने आणि रोकड लंपास झालेली असते, अज्ञात चोरट्यांविरुद्ध गुन्हा दाखल होऊन पुढील तपास सुरू असतो. इतक्या ठरावीक शब्दांत ही बातमी येते की वाचणारा सहज पान उलटतो. ज्याचे घर फुटले त्याच्यापुरती मात्र ती वर्षानुवर्षे संपत नाही. लेकीच्या लग्नासाठी पै-पै करून जमवलेले सोने गेलेले असते, सासूने हातात घातलेल्या पाटल्या गेलेल्या असतात. रात्री दिवा मालवताना वाटणारी निर्धास्तता जाते ती वेगळीच.

अशा हजारो फिर्यादींचे वर्षअखेरीला आकडे होतात. पोलीस ठाण्यातून ते अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात, तिथून पुण्यातल्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि शेवटी दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे जातात. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो आहे. त्यातले तक्ते प्रसिद्ध झाले की मथळे ठरलेले असतात: अमुक शहर घरफोड्यांत आघाडीवर, तमुक जिल्हा सर्वांत सुरक्षित. चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत मग त्यावर मते व्यक्त होतात. पुढच्या प्रकरणांतही विभागवार चित्र येणार आहे, म्हणून ते कसे वाचावे याबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट बोलणे मला गरजेचे वाटते. घरफोडीचा प्रादेशिक नकाशा हा प्रथम बंद घरांचा आणि नोंदल्या गेलेल्या फिर्यादींचा नकाशा असतो. तिथल्या माणसांच्या स्वभावाचा दाखला म्हणून तो वाचला तर निष्कर्ष चुकतो, आणि काही माणसांवर घोर अन्यायही होतो.

आधी गुन्ह्याची व्याख्या पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते. भगदाड पाडून शिरणे, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणे, कुलूप उघडणे, बळाचा वापर करून आत जाणे हे त्यांतले काही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही व्याख्या कलम ३३० मध्ये व शिक्षा कलम ३३१ मध्ये आली. चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सूर्यास्त ते सूर्योदय म्हणजे कायद्याची रात्र. पोलिसांच्या दप्तरातही दिवसा घरफोडी आणि रात्री घरफोडी हे रकाने म्हणूनच वेगळे असतात. दार उघडे राहिले आणि कोणी आत येऊन पाकीट, मोबाइल उचलून नेला, तर ती बहुतेक वेळा ‘घरातील चोरी’ म्हणून नोंदली जाते. पाच किंवा अधिक जणांनी धाक दाखवून लुटले तर तो दरोडा. एनसीआरबीचा आणखी एक नियम आहे: एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा. चोरटे घरात शिरले आणि त्यांच्या हातून खून झाला, तर ती घटना खुनाच्या तक्त्यात जाते आणि घरफोडीच्या तक्त्यातून निसटते. थोडक्यात, सामान्य माणूस ज्या सगळ्याला ‘घर फोडले’ म्हणतो, त्यातला एक भागच त्या नावाखाली मोजला जातो.

गुन्ह्यांचा नकाशा काढून पाहण्याचा मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने १८३३ मध्ये देशातल्या ८६ प्रांतविभागांची आकडेवारी नकाशांवर मांडली. गरिबी आणि अज्ञान हेच चोरीचे मूळ, असा तेव्हाचा पक्का समज होता. गेरीच्या नकाशात मालमत्तेचे गुन्हे अधिक समृद्ध आणि अधिक शिकलेल्या उत्तरेत दाटलेले दिसले. चोरण्याजोगे जिथे असते तिथे चोरी होते, ही साधी गोष्ट त्यातून पुढे आली. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी या विचाराला रेखीव रूप दिले. गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताशी येणारा ऐवज आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी या तीन गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी जुळल्या की गुन्हा घडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढत असताना घरफोड्याही वाढल्या. घरे दिवसा रिकामी राहू लागली आणि सहज उचलून नेता येतील अशा वस्तू घराघरांत आल्या, हे त्याचे कारण त्यांनी दाखवले.

हीच कसोटी लावून आपल्याकडे पाहिले तर प्रत्येक विभागाची घरफोडी निराळी दिसू लागते.

कोकणापासून सुरुवात करू. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. माणसे मुंबई-पुण्याला गेली, घरे मागे राहिली. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर वाडीतल्या कितीतरी घरांना कुलूप असते. शेजारची म्हातारी काकू येता-जाता नजर टाकते, तेवढीच राखण. अशा घरात चोरी झाली तरी ती कळते चाकरमानी गणपतीला आल्यावर. तांब्या-पितळेची भांडी, समया, पूजेची उपकरणी गेलेली दिसतात. चोरी कधी झाली हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून फिर्यादीत ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेच्या दरम्यान’ असे लिहिले जाते. महिन्यांच्या तक्त्यात मात्र गुन्हा दाखल झाला तोच महिना येतो. भाद्रपदात आकडा वाढलेला दिसला म्हणून चोर भाद्रपदात वाढले असे समजू नये. भाद्रपदात घरे उघडली जातात. गोव्यातही मालक परदेशात असलेल्या बंद वडिलोपार्जित घरांची कहाणी फारशी वेगळी नाही.

पुणे-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात रात्रीपेक्षा दुपार नाजूक. नवरा-बायको दोघे कामावर, मुले शाळेत किंवा पाळणाघरात, आणि सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत फ्लॅट रिकामा. मोठ्या सोसायट्यांना प्रवेशद्वार, वॉचमन, कॅमेरे असतात. वॉचमन नसलेल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत जिना सगळ्यांना मोकळा असतो. समोरच्या दारात उभा असलेला माणूस पाहुणा की कुरिअरवाला की आणखी कोणी, हे शेजाऱ्याला कळत नाही, कारण शेजाऱ्याचे नावही माहीत नसते. मुंबईच्या चाळीत दारे दिवसभर उघडी आणि गॅलरीत कायम कोणीतरी हजर असे. अनोळखी माणसाला दहा जण ‘कोण पाहिजे?’ म्हणून हटकत. चाळ पाडून टॉवर उभा राहिला की कुलपे भारी होतात, आणि हटकणारा एकच उरतो, तो म्हणजे फाटकावरचा पगारी रखवालदार.

विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात उन्हाळा हा घरफोडीचा हंगाम मानला जातो. पारा पंचेचाळिशीकडे गेला की माणसे गच्चीवर किंवा अंगणात झोपतात आणि खालचे घर मोकळे राहते. याच दिवसांत लग्नसराई असते, शाळांना सुट्या असतात, कुटुंबे गावाला जातात. घरात कोणी असले तरी कूलरचा आवाज असा असतो की कडी सरकलेली ऐकू येऊ नये. वर म्हटल्याप्रमाणे दार उघडेच राहिले असेल तर यातल्या काही घटना घरफोडीऐवजी घरातील चोरीत जमा होतात. म्हणून उन्हाळ्याचे खरे चित्र हवे असेल तर दोन्ही रकाने शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

नगर, सोलापूर, साताऱ्याच्या बागायती पट्ट्यात प्रश्न शेतवस्तीचा आहे. पाणी आले तशी माणसे गावठाण सोडून आपापल्या रानात राहायला गेली. दोन वस्त्यांत हाकेपेक्षा जास्त अंतर, रस्त्यावर दिवा नाही, रात्री वीज जाते. इथे घरफोडी करायला आलेली टोळी घरात माणसे जागी झाली की मारहाणीवर उतरते आणि गुन्हा जबरी चोरी किंवा दरोडा होऊन बसतो. आकडा घरफोडीपेक्षा लहान, पण दहशत कितीतरी मोठी. शेजारच्या घरांना बाहेरून कड्या लावून मग एक घर फोडायचे, ही पद्धतही अशा ठिकाणच्या फिर्यादींत वाचायला मिळते.

बीड जिल्हा या सगळ्याला छेद देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार कोयते घेऊन साखरपट्ट्याकडे निघतात. वाड्या-तांडे महिनोन्महिने ओस पडतात. मागे म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. बंद घरे एवढी असूनही चोराच्या लेखी तिथे फारसे काही नसते, कारण उचल घेऊन कामावर गेलेल्या कुटुंबाच्या घरात सोने कुठून असणार? घर बंद असणे ही घरफोडीची एक अट आहे, पण ती एकटी पुरत नाही. ऐवज हवा, आणि तो विकण्याची सोयही हवी.

हा ऐवज म्हणजे मुख्यतः सोने. टीव्ही, टेपरेकॉर्डर चोरीला जाण्याचे दिवस मागे पडले. जुन्या वस्तूंना आता भाव नाही. सोन्याने मात्र २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. मुठीत मावणारा, ओळख पुसता येणारा आणि कुठल्याही गावात खपणारा दुसरा माल नाही. दागिना वितळवून त्याची लगड झाली की तो कोणाच्या गळ्यातला होता हे सांगणे कठीण. म्हणूनच चोर पकडण्याइतकेच चोरीचा माल घेणाऱ्याला पकडणे महत्त्वाचे आहे. असा माल जाणूनबुजून विकत घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, तरी आपल्या चर्चेत त्याच्याबद्दल क्वचितच बोलले जाते. सोन्याचा भाव वाढला की चोरीस गेलेल्या मालाच्या किमतीचा एकूण आकडाही फुगतो. गेल्या दहा वर्षांत ‘घरफोड्यांतून गेलेला ऐवज दुप्पट झाला’ असे वाचले, तर त्यात भाववाढ किती आणि चोरी किती, हे आधी विचारले पाहिजे.

आता मोजणीकडे येऊ. दोन प्रदेशांची तुलना करताना सर्वांत जास्त फसगत इथे होते. पहिली अडचण हद्दीची. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्यासाठी पुणे शहर आणि पुणे ग्रामीणची काही पोलीस ठाणी काढून घेण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय असेच ठाणे ग्रामीण आणि पालघरच्या हद्दीतून तयार झाले. त्या त्या वर्षी पुण्याचा किंवा पालघरचा आकडा उतरला तर चोर सुधारले असे होत नाही. पोलीस ठाण्याची पाटी बदलली. दुसरी अडचण लोकसंख्येची. गुन्ह्याचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात, पण २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यांत दर काढायला २०११ चीच लोकसंख्या धरलेली असते. पुण्यासारख्या झपाट्याने वाढलेल्या शहराचा दर त्यामुळे आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यातही घरफोडी माणसांची होत नाही, घरांची होते. दर हजार घरांमागे आणि त्यांतल्या बंद घरांमागे हिशेब मांडला तर रत्नागिरी आणि पुणे यांची तुलना पार वेगळी दिसू शकेल.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: नोंद. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. तरीही ‘अर्ज देऊन ठेवा, बघू’ हे उत्तर अनेकांनी ऐकलेले असते. काही जण कोर्टकचेरीच्या धास्तीने ठाण्याची पायरीच चढत नाहीत. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरूमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल २०१७ मध्ये आला. चोरी झालेल्यांपैकी फार थोड्यांचे प्रकरण गुन्हा नोंदवण्यापर्यंत पोहोचते, हे त्यातून दिसले. उलट, दिल्लीत चोरीची फिर्याद घरबसल्या इंटरनेटवरून देण्याची सोय झाली आणि नोंदलेल्या चोऱ्यांचा आकडा उसळला. शहर एका रात्रीत चोरांचे झाले नव्हते. लोकांची सांगण्याची अडचण दूर झाली होती. वाढलेला आकडा म्हणजे पोलिसांचे अपयश असे समीकरण बांधले की ठाणेदाराला नोंद न करण्याचे आमिषच मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून पोलिसांच्या नोंदींपलीकडे थेट कुटुंबांना विचारून गुन्ह्यांची पाहणी होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर तिथल्या घरफोड्या मोठ्या प्रमाणात घटल्या, हे म्हणूनच खात्रीने सांगता येते. आपल्याकडे अशी नियमित राष्ट्रीय पाहणी नाही. राज्याने ती सुरू करावी, ही मागणी मी इथे ठामपणे नोंदवतो.

नकाशाचा गैरवापर कसा होतो, याचा आपल्या राज्याचा इतिहास फार वेदनादायक आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. हजेरीशिवाय माणसाला हलता येत नसे. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, संशय राहिला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तक वाचलेल्या मराठी वाचकाला पोलिसांचा छापा वस्तीवर काय करून जातो हे वेगळे सांगायला नको. आजही एखाद्या गावात घर फुटले की पहिली नजर गावाबाहेरच्या पालांकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले. घरफोडीच्या आकड्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे निर्देश समोर ठेवावेत. अमुक तालुक्यात घरफोड्या जास्त, हे वाक्य तपासाचे पहिले पाऊल असू शकते. अमुक जमात राहते म्हणून घरफोड्या जास्त, हे वाक्य निव्वळ अन्याय आहे.

मग उपाय काय? गावाने मिळून राखण करण्याची आपली रीत जुनी आहे. पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनच्या कारभाराचा अहवाल लिहिला. गावचा रखवालदार चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जातो, माग पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करतो आणि ज्या गावात माग हरवेल त्या गावावर भरपाईची जबाबदारी येते, असे त्यात नोंदवले आहे. त्या व्यवस्थेत जुलूमही होता आणि तिचा गौरव करण्याचे कारण नाही. पण चोरी ही एका घराची बाब नसून गावाची आहे, ही जाणीव तिच्यात होती. पोलीस पाटील आणि ग्राम सुरक्षा दल यांच्या मुळाशीही तीच जाणीव आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या किर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात केलेला प्रयोग याच वाटेचा. एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याची शक्यता बरीच जास्त, हे तिथे लक्षात आले. चोरांना खुणावणारे नाण्यांचे मीटर काढून टाकले, चोरी झालेल्या घरांची दारे-खिडक्या तातडीने पक्की केली आणि आजूबाजूच्या चार-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. या उपायांच्या मुळाशी कोणाचे घर नुकतेच फुटले आहे ही माहिती आणि शेजाऱ्यांची तयारी होती.

तपासाच्या बाजूनेही दार उघडले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. घरफोडीतून झालेली चोरी त्या मर्यादेत बसते. कपाटाच्या दारावरचा ठसा नीट उचलला गेला, तर खबऱ्यावर आणि ‘अभिलेखावरील’ माणसांच्या धरपकडीवर विसंबून राहण्याची गरज कमी होईल. त्यासाठी तालुक्याच्या गावी तज्ज्ञ आणि वाहन वेळेत पोहोचले पाहिजे, आणि लोकांनी ते येईपर्यंत पसारा आवरायचा मोह टाळला पाहिजे.

वाचकाला शेवटी एवढेच सांगणे आहे. पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारा: तिथे घरे कधी आणि का बंद असतात, फिर्याद देणे किती सोपे आहे, आणि मोजणारी हद्द तीच राहिली आहे का. आपल्या घरी चोरी झाली तर ती किरकोळ असली तरी फिर्याद द्या आणि तिची प्रत मागून घ्या. ती विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या घराबाहेर सुरक्षित ठेवा. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा, आणि शेजारी गेला असेल तर त्याच्या दाराकडे दिवसातून दोनदा पाहा. न नोंदवलेली चोरी कोणत्याही नकाशावर येत नाही, आणि जे नकाशावर येत नाही त्यासाठी ना पोलीस मिळतात, ना पैसा.